‘काही सदस्यांनी फोनवर हळू बोलावे’ : हा निरोप माझ्यासाठी होता का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्यातील एका कंपनीचे काम तुम्ही नागपुरात राहून करता, त्यासाठी वर्धा रोडवरील एका सामायिक कार्यालयात महिन्याच्या भाड्याने सीट घेतली आहे आणि संध्याकाळी अमेरिकेतील ग्राहकांशी तुमचे कॉल असतात. मागच्या आठवड्यात तेथील व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काही सदस्यांनी फोनवर हळू बोलावे’ असा निरोप आला. त्यात नाव कुणाचेच नव्हते, पण तो आपल्यालाच उद्देशून आहे असे तुम्हाला वाटले आणि तेव्हापासून तुम्ही जिन्यात उभे राहून कॉल घेता. चूक कुणाची, सीट बदलावी का, आणि भाडे सगळेच सारखे देत असताना जपून वागण्याचा भार एकट्यावर का, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली १४ वर्षे नागपुरात अशीच एक जागा चालवतो. धरमपेठेत आठ टेबलांपासून सुरुवात केली होती, आता ४० सीट आहेत. त्यावर वकिलांचे सहायक, आर्किटेक्ट, विमा सल्लागार, सॉफ्टवेअरवाले आणि दोन-तीन छोट्या कंपन्यांची माणसे बसतात. तुमच्या हॉलमध्ये फोनसाठी वेगळी केबिन आहे का, छत किती उंच आहे, शेजारी बसणाऱ्याचे काम कोणत्या स्वरूपाचे आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. ज्या हॉलमध्ये सगळेच दिवसभर फोनवर असतात तिथे तुमचा कॉल कुणाच्या लक्षातही येणार नाही. ज्या हॉलमध्ये एक माणूस हिशेब जुळवत बसला आहे तिथे तोच कॉल असह्य होईल.

मला दिसणारी खरी अडचण मात्र आवाजाची नाही. एरवीच्या कार्यालयात दोन टेबलांमध्ये काही खटकले तर ते मिटवायला एक साहेब असतो. तो न्यायी असो वा नसो, वाद त्याच्यापाशी जाऊन थांबतो. सामायिक कार्यालयात कुणीच कुणाचा साहेब नसतो, व्यवस्थापकसुद्धा नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोघेही भाडेकरू असतात. तुम्ही म्हणता तसे भाडे सगळे सारखे देतात हे खरे. पण ते भाडे टेबलाचे, खुर्चीचे आणि इंटरनेटचे असते. हॉलमधला आवाज, हवा आणि वास यांचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो, आणि भांडणे नेमकी त्यांच्यावरूनच होतात.

इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या तक्रारींवरून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. त्रास किती होतो यापेक्षा तो केव्हा होईल आणि केव्हा थांबेल हे माहीत नसण्याचा त्रास माणसाला अधिक होतो. आमच्याकडे शेअर बाजाराचे काम करणारे एक काका होते. दररोज बाजार बंद झाला की साडेतीन ते चार या वेळात ते आपल्या ग्राहकांना एकामागून एक फोन लावत, आणि त्यांचा आवाज खालच्या पानठेल्यापर्यंत जाई. दोन वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही, कारण साडेतीन वाजले की बाकीचे चहाला उठायचे. काकांचा पहिला ‘हॅलो’ हीच चहाची घंटा झाली होती. त्याच हॉलमध्ये एक तरुण अगदी मृदू आवाजात बोलायचा, पण त्याचा फोन कोणत्याही क्षणी वाजे आणि बोलणे दोन मिनिटे चालेल की ४० मिनिटे याचा नेम नसे. त्याच्याबद्दल एका महिन्यात तीन तक्रारी आल्या.

मला हे दोन वेगळ्या माणसांच्या स्वभावाचे प्रकरण वाटले होते. नंतर डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे १९६० च्या दशकाच्या अखेरीचे प्रयोग वाचनात आले. त्यांनी लोकांना मोठा आवाज ऐकवला. काहींना ठरावीक अंतराने, काहींना अचानक, मनास येईल तेव्हा. आवाज तेवढाच असूनही अचानक ऐकवलेल्या गटाच्या हातून नंतरच्या कामात अधिक चुका झाल्या. आणखी एका गटाला त्यांनी आवाज बंद करण्याचे बटण दिले आणि शक्यतो ते वापरू नका असे सांगितले. त्या गटातील बहुतेकांनी ते दाबले नाही, तरी बटण हाताशी आहे एवढ्यानेच त्यांचा त्रास कमी झाला. सामायिक कार्यालयात तुम्ही शेजाऱ्याला देऊ शकता ते हेच बटण आहे. ‘माझा कॉल साडेसहा ते सव्वासात असतो, तुम्हाला एखाद्या दिवशी फारच अडचण असेल तर खूण करा, मी बाहेर जाईन’, एवढे एकदा सांगून ठेवावे. माझ्या अनुभवात खूण करणारा क्वचितच निघतो.

तुमच्या बाबतीत यात एक खोच आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सकाळी नऊचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला येतो, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि तोच कॉल साडेसातला येऊ लागतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा उलटे. तुम्ही सवयीने समजून जाता, पण शेजारी बसणाऱ्याला एवढेच दिसते की साडेसातनंतर शांततेत तास-दीड तास काम उरकायचा त्याचा बेत कुणीतरी न सांगता मोडला. वर्षातून दोनदा हा बदल आधी सांगून टाकणे तुमच्या हातात आहे.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे वळतो, कारण तिथे थोडे तंत्रही आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवले होते. नागपुरात हा नियम दरवर्षी एप्रिलमध्ये सिद्ध होतो. कूलरच्या ताट्या बदलल्या, पंप सुरू झाला, मोटर घरघरू लागली, की आठवडाभरात माझ्याकडे फोनवर ओरडण्याच्या तक्रारी सुरू होतात. माणसे तीच, त्यांचे फोन तेच. फक्त प्रत्येक जण कूलरच्या वर आवाज नेऊन बोलत असतो आणि ते त्याचे त्याला कळत नाही. बाहेरचा आवाज कापणारे महागडे हेडफोन याच जातीची फसवणूक करतात. दोन्ही कान झाकले गेले की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून बोलणारा आणखी मोठ्याने बोलतो, आणि आपण फार काळजी घेतली या समाधानात असतो. उपाय साधा आहे : बोलताना एका कानावरचा हेडफोन मागे सरकवा. स्वतःचा आवाज कानावर पडला की तो आपोआप खाली येतो. मी आमच्याकडच्या किमान दहा जणांना हे सांगितले असेल. ज्यांनी केले त्यांच्याबद्दल पुन्हा काही ऐकू आले नाही.

सीट बदलण्याबद्दल मी फारशी आशा देणार नाही. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. फरशी, काच आणि पीओपीचे छत असलेल्या हॉलमध्ये तेवढाही उतरत नाही, म्हणून दोन टेबले पलीकडे सरकून विशेष काही साधत नाही. त्यापेक्षा तोंड कुठे आहे याचा फरक अधिक पडतो. हॉलकडे पाठ करून, जाड पडद्याकडे किंवा फायलींनी भरलेल्या उघड्या रॅककडे तोंड करून बोललात, तर शब्द स्पष्ट ऐकू येणे बरेच कमी होते. स्पष्ट ऐकू येणारा शब्द हाच खरा शत्रू आहे. फोनवरचे बोलणे अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे भरून काढण्यात ऐकणाऱ्याचे डोके गुंतते. २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की दोन्ही बाजूंच्या पूर्ण संभाषणापेक्षा एकाच बाजूचे ऐकू येणारे संभाषण लक्ष अधिक विचलित करते. याचा नमुना मी स्वतः पाहिला आहे. गृहकर्जाचे काम करणारा एक जण आठवडाभर कुठल्या तरी अडलेल्या प्रकरणावर फोनवर बोलत होता. सोमवारी तो आल्या आल्या पलीकडच्या टेबलावरच्या आर्किटेक्ट बाईंनी विचारले, “काहो भाऊ, मंग त्या बेसावाले पार्टीचं लोन झालं का पास?” सगळे हसले, तोही हसला, पण आपल्या ग्राहकाची माहिती चार टेबलांवर पसरली हे त्याच्या लक्षात आले आणि त्या दिवसापासून तो स्वतःहून केबिनमध्ये जाऊ लागला.

कानावर पडलेले विसरून जाणे हाही शेजारधर्माचाच भाग आहे. जुलैमध्ये विवरणपत्रांच्या दिवसांत आमच्याकडच्या कर सल्लागाराच्या टेबलावरून कुणाचे उत्पन्न, कुणाची थकबाकी, कुणाचा घटस्फोट असे काय काय ऐकू येते. त्यातले काहीही चहाच्या टपरीवर येता कामा नये, याबाबत मी फार कडक आहे.

आवाजानंतर क्रमांक लागतो तो थंडाव्याचा, आणि आपल्या गावात तर तो पहिलाच असायला हवा. २०१३ च्या मे महिन्यात ज्या शहराने ४७.९ अंश पाहिले त्या शहरात एसीचा रिमोट हे शस्त्रच असते. भर दुपारी दुचाकीवरून डोक्याला दुपट्टा गुंडाळून आलेला माणूस आत शिरताच रिमोट उचलतो आणि १८ करतो. सकाळी नऊपासून आत बसलेली मंडळी तोवर कुडकुडायला लागलेली असतात. आलेल्या माणसाची तलखी खोटी नसते, पण ती दहा मिनिटांची असते. आम्ही एवढेच ठरवले आहे की बाहेरून आल्यावर आधी तोंडावर पाणी मारावे, पंख्याखाली बसावे, माठातले पाणी प्यावे, आणि तरीही उकडत असेल तर मग रिमोटला हात लावावा. बहुतेक जण दहा मिनिटांत रिमोट विसरतात. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलचे घरगुती एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतात, आणि प्रत्येक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. मी २४ या आकड्याला ‘घरचे भांडण टाळणारा आकडा’ म्हणतो आणि तिथूनच सुरुवात करतो.

तरीही कुणाला थंडी वाजतेच, आणि तिला ‘तुम्हालाच कशी वाजते’ असे विचारणे मी अनेकदा ऐकले आहे. २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवले की कार्यालयांतील तापमानाची जुनी गणिते सरासरी पुरुषाच्या शरीरावरून मांडलेली आहेत, आणि स्त्रियांच्या शरीरात निर्माण होणारी उष्णता त्यात ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते. तेव्हा हा नाजूकपणाचा प्रश्न नाही. तापमानावर वाद घालण्यापेक्षा जागांची अदलाबदल करणे सोपे पडते. एसीच्या झोतासमोरची सीट आम्ही ज्याला हवी त्यालाच देतो, आणि ती मागणारे नेहमीच दोघे-तिघे असतात.

कूलर असलेल्यांसाठी एक सूचना. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, म्हणून त्याला खिडकी उघडी लागते. एसीला खिडकी बंद लागते. एकाच हॉलच्या एका टोकाला कूलर आणि दुसऱ्या टोकाला एसी लावला, की कूलरने हवेत घातलेले पाणी बाहेर काढण्यातच एसीची शक्ती जाते आणि दोन्हीकडची माणसे घामेजतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झाले होते. दोन गट खिडकीवरून तीन आठवडे भांडत होते, दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि चूक मी केलेल्या मांडणीची होती. म्हणून सांगतो, शेजाऱ्यावर रागावण्याआधी जागेची रचनाच दोघांना भांडायला लावत नाही ना, हे एकदा पाहावे.

डब्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या हॉलमध्येही तो विषय कधीतरी निघेल. सावजी रस्स्याचा डबा बंद हॉलमध्ये उघडला तर संध्याकाळपर्यंत तो पडद्यांत राहतो, हे मान्य आहे. परंतु वासाच्या तक्रारीत कधी कधी वासाहून वेगळे काहीतरी दडलेले असते, आणि ते ओळखता आले पाहिजे. एका सदस्याने एकदा मला ‘नॉनव्हेज बंद करा’ असे लेखी दिले. त्याच सदस्याच्या स्वतःच्या डब्यातील लसणाच्या फोडणीबद्दल दोन तक्रारी माझ्याकडे आधीच होत्या. मी नियम केला तो कुठे खायचे याचा. काय खायचे याचा नियम करायला ठाम नकार दिला. टेबलावर कुणीही डबा उघडायचा नाही, गच्चीलगतच्या खोलीत काहीही खा, खिडकी उघडी ठेवा, डबा तिथेच धुवा. तो सदस्य पुढच्या महिन्यात सोडून गेला, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. २० लिटरचा पाण्याचा जार ज्याच्या हातून संपेल त्याने नवा लावावा. दुसऱ्याचा चार्जर घेतला तर त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवावी. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी घरून काम करावे, ते शक्य नसेल तर मास्क लावून खिडकीजवळ बसावे. आणि सकाळी साफसफाईला येणाऱ्या मावशींसाठी रात्री जाताना टेबल मोकळे करावे. कागद उचलून पुसले तर कागद हलवले म्हणून बोलणी बसतात, न पुसले तर धूळ राहिली म्हणून. आमच्या मावशींनी एकदा मला हे शांतपणे ऐकवले तेव्हा मी खरोखर वरमलो होतो.

आता त्या निरोपाकडे. व्यवस्थापकाने नाव न घेता ग्रुपवर लिहिले ते तुमची लाज राखण्यासाठी असेल, पण ही पद्धत चुकीची आहे, आणि हे मी स्वतः ती चूक केलेला माणूस म्हणून लिहीत आहे. सुरुवातीच्या काळात मी भिंतींवर ११ सूचना चिकटवल्या होत्या : कृपया शांतता राखा, कृपया फ्रिज स्वच्छ ठेवा, कृपया अमुक, कृपया तमुक. महिनाभरात त्या भिंतीच्या रंगासारख्या झाल्या, कुणालाही दिसेनात. मग मी ग्रुपवर लिहू लागलो. एकदा फोनच्या आवाजाबद्दल अगदी तुमच्यासारखाच निरोप टाकला. दुसऱ्या दिवशी चार जण एकेक करून माझ्या केबिनमध्ये आले आणि ‘सर, माझ्याबद्दल होतं का?’ असे विचारून क्षमा मागून गेले. चौघांपैकी एकाचाही आवाज मोठा नव्हता. ज्याच्यासाठी तो निरोप होता त्या गृहस्थांनी ग्रुपवर अंगठा दाखवून ‘अगदी बरोबर, हे सांगायलाच हवे होते’ असे लिहिले. तेव्हापासून मी असे निरोप टाकणे बंद केले. जपून वागणाऱ्याला तो सुईसारखा टोचतो आणि बेफिकीर माणसाला स्पर्शही करत नाही.

तीन फुटांवर बसलेल्या माणसाशी न बोलता ग्रुपवर लिहिण्याची ओढ केवळ आपल्याकडची नाही. २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांची कार्यालये भिंती काढून मोकळी केल्यानंतरचे वर्तन मोजले, तेव्हा समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल व संदेश वाढले. सगळ्यांदेखत बोलावे लागते म्हणून माणूस बोलणेच टाळतो. म्हणूनच तक्रार करायची असेल तर ती हॉलच्या बाहेर, एकट्याला गाठून, एकाच गोष्टीबद्दल करावी. ‘तुम्ही नेहमीच मोठ्याने बोलता’ असे म्हटले की समोरचा ‘नेहमीच’ या शब्दावर भांडतो. त्यापेक्षा “दादा, सात वाजता माझं हिशेब जुळवायचं काम असतं, तेवढा अर्धा तास तुम्ही केबिनमधून बोलाल का?” असे विचारले तर आमच्याकडे कुणी नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. लाज कुणाचीच गेलेली नसते. मात्र कुणी मुद्दाम अंगावर येत असेल, स्त्री सहकाऱ्याशी अश्लील बोलत असेल किंवा नको तसे वागत असेल, तर तो समजूतदारपणाचा प्रांत नव्हे. तिथे कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे आणि तक्रार लेखीच करावी.

तर तुमच्यापुरते असे करा. उद्या व्यवस्थापकांना एकांतात सरळ विचारा की तो निरोप माझ्याबद्दल होता का. ‘हो’ म्हणाले तर कोणाला आणि किती वाजता त्रास होतो एवढेच विचारा, त्या व्यक्तीला जाऊन आपल्या कॉलची वेळ सांगा आणि खूण करायची मुभा द्या. ‘नाही’ म्हणाले, आणि माझा अंदाज तसाच आहे, तर आपल्या टेबलावर परत या, हेडफोन एका कानावरून सरकवा आणि काम करा. दोन्ही परिस्थितींत जिना मात्र सोडा. फरशीच्या पायऱ्या आणि उघड्या भिंती यांमुळे जिन्यात आवाज हॉलपेक्षा जास्त घुमतो. तुमचे कॉल सध्या वरच्या आणि खालच्या मजल्यावरचे लोक ऐकत असतील, आणि ते तर तुमच्या ग्रुपवरही नाहीत.